पन्नास गुण आणि नऊ मते

२ मार्च १९६२ च्या रात्री अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या चॉकलेटच्या गावात विल्ट चेंबरलेनने बास्केटबॉलच्या एका सामन्यात एकट्याने १०० गुण केले. त्याच्या फिलाडेल्फिया वॉरियर्सने न्यूयॉर्क निक्सला १६९-१४७ असे हरवले. सामन्याला ४,१२४ प्रेक्षक होते आणि टीव्हीचा एकही कॅमेरा नव्हता. विल्टने ६३ वेळा बास्केटवर चेंडू टाकला, त्यातले ३६ आत गेले. एरवी फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या, रेषेवर उभे राहिले की त्याची फजिती व्हायची. त्या रात्री मात्र ३२ पैकी २८ फ्री थ्रो साधले. सामना संपल्यावर संघाचे आकडे ठेवणाऱ्या हार्वे पोलॅकने कागदावर हाताने ‘१००’ असा आकडा लिहिला आणि तो कागद विल्टच्या हातात देऊन छायाचित्र काढून घेतले. बास्केटबॉलच्या इतिहासात त्या छायाचित्राइतकी प्रसिद्ध छायाचित्रे फार थोडी असतील.

ती रात्र म्हणजे काही एकट्या दिवसाचे नशीब नव्हते. १९६१-६२ च्या त्या हंगामात विल्टची सरासरी सामन्यामागे ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर चेंडू ताब्यात घेणे) अशी होती. त्याचे एकूण गुण झाले ४,०२९. एका हंगामात चार हजारांचा टप्पा त्याच्याआधी कोणी गाठला नव्हता आणि त्यानंतरही कोणी गाठलेला नाही. सामना ४८ मिनिटांचा असतो, आणि विल्ट सरासरी ४८.५ मिनिटे खेळला, कारण जादा वेळेत गेलेल्या सामन्यांची मिनिटेही त्यात धरली आहेत. म्हणजे अख्खा हंगाम हा माणूस जवळजवळ बाकावर बसलाच नाही.

हंगामाअखेर एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ म्हणजे एमव्हीपी पुरस्कारासाठी मते मोजली गेली. विल्टला पहिल्या पसंतीची मते पडली नऊ. बॉस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलला पडली ५१. रसेलची गुणांची सरासरी होती १८.९. लीगमधली तर सोडाच, ती त्याच्या स्वतःच्या संघातलीही सर्वाधिक नव्हती. सेल्टिक्सकडून सर्वाधिक गुण टॉम हाइनसनने केले होते.

या निकालाचा अर्थ लावण्यासाठी आधी मतदार कोण होते हे पाहायला हवे. पुरस्कार सुरू झाला १९५५-५६ मध्ये, आणि १९७९-८० पर्यंत तो खेळाडूच एकमेकांना देत असत. पत्रकार नाहीत, प्रशिक्षक नाहीत, प्रेक्षक नाहीत. स्वतःच्या संघातल्या कोणाला मत देण्याची मुभा नव्हती. त्यामुळे रसेलला मिळालेल्या ५१ मतांत सेल्टिक्सच्या एकाही खेळाडूचे मत नव्हते. ती सगळी मते त्याच्याकडून हरलेल्यांची होती.

‘मोस्ट व्हॅल्युएबल’ कोणाला म्हणावे, हे लीगने कधीच सांगितले नाही. सर्वोत्तम खेळाडू? ज्याच्यावाचून संघ कोलमडेल असा खेळाडू? की सर्वोत्तम संघातला सर्वोत्तम खेळाडू? ज्याला जो अर्थ पटेल त्याने तो घ्यावा. पहिल्याच वर्षी खेळाडूंनी सेंट लुइस हॉक्सच्या बॉब पेटिटला निवडले. गुण आणि रिबाउंड या दोन्हींत तो लीगमध्ये पहिला होता, पण त्याच्या संघाने ३३ सामने जिंकून ३९ गमावले होते. म्हणजे पुरस्काराचा उगम संघाच्या यशाकडे पाठ फिरवून झाला. पुढच्या सहा-सात वर्षांत मात्र वारे पुरते फिरले, आणि ते फिरवण्यात रसेलचा वाटा सर्वात मोठा होता.

बास्केटबॉलमध्ये एका संघाचे पाचच खेळाडू मैदानावर असतात, आणि त्यातला उत्तम खेळाडू जवळपास पूर्ण सामना खेळू शकतो. क्रिकेटमध्ये फलंदाज एकदा बाद झाला की त्याचे त्या डावातले काम संपते, एकदिवसीय सामन्यात गोलंदाजाला दहाच षटके मिळतात. इथे तसे नाही. चढाई असो की बचाव, प्रत्येक वेळी तोच माणूस मध्ये उभा. त्यामुळे संघ जिंकला की श्रेय कोणाच्या पदरात घालायचे याचे उत्तर सोपे वाटते, आणि हरला की दोष कोणाचा याचेही. एमव्हीपीच्या मतदानात गुणतक्त्याला इतके वजन आले ते खेळाच्या या घडणीमुळे.

सेल्टिक्सने १९६१-६२ मध्ये ८० पैकी ६० सामने जिंकले. साठ विजयांपर्यंत पोहोचलेला एनबीएतला तो पहिला संघ. विल्टच्या वॉरियर्सने ४९ जिंकले, ३१ गमावले. पन्नास गुणांच्या सरासरीनंतरही त्यांच्यात आणि सेल्टिक्समध्ये अकरा विजयांचे अंतर राहिले. आणि रसेल जे करत होता ते कागदावर उतरतच नव्हते, कारण ब्लॉक म्हणजे बास्केटकडे निघालेला चेंडू वाटेत अडवणे, याची अधिकृत नोंद लीगने १९७३-७४ पर्यंत ठेवलीच नाही. ज्या कामात रसेलचा हात धरणारा कोणी नव्हता, त्याचा रकानाच वहीत नव्हता.

रसेलचा ब्लॉक कसा असे तेही पाहण्याजोगे आहे. अडवलेला चेंडू जोराने प्रेक्षकांत भिरकावला की टाळ्या मिळतात, पण चेंडू पुन्हा समोरच्या संघालाच मिळतो. रसेल तो हलक्या हाताने आपल्या सोबत्याच्या दिशेने वळवी. बॉब कूझीच्या हातात चेंडू पडला की सेल्टिक्स पळत सुटत आणि समोरचा संघ मागे वळेपर्यंत दुसऱ्या टोकाला दोन गुण झालेले असत. प्रशिक्षक रेड आउअरबाख यांनी सगळा संघ याच एका गोष्टीभोवती उभा केला होता. वहीत गुण हाइनसनच्या किंवा सॅम जोन्सच्या नावावर चढत. त्यांचा उगम रसेलच्या हातात असे. शिवाय ज्याने दोन-तीनदा असा मार खाल्ला आहे तो पुढच्या वेळी बास्केटजवळ जायलाच कचरतो. जो शॉट मारलाच गेला नाही तो कोण मोजणार? ते त्या खेळाडूलाच माहीत असते, आणि मतपत्रिका त्याच्याच हातात होती.

पत्रकारांचा कौल नेमका उलटा होता. हंगामातला सर्वोत्तम पाच जणांचा संघ ते निवडत, आणि त्यात त्यांनी मधल्या जागेवर विल्टला घेतले. रसेलला दुसऱ्या संघात टाकले. लीगचा एमव्हीपी, पण पहिल्या पाचात नाही! रसेलच्या बाबतीत हे १९५८, १९६१ आणि १९६२ असे तीनदा घडले. मैदानाबाहेर बसलेल्यांनी आकडे वाचले आणि मैदानात असलेल्यांनी माणूस पाहिला, असा तो फरक होता. विल्टचा मत्सर वाटून खेळाडूंनी त्याला डावलले म्हणावे तर तेही पटत नाही. त्याच खेळाडूंनी १९६० मध्ये पदार्पणाच्याच वर्षी विल्टला एमव्हीपी केले होते. त्या वर्षी त्याच्या येण्याने वॉरियर्स ३२ विजयांवरून ४९ वर गेले होते. एकूण काय, विल्टला मत द्यायला त्यांची ना नव्हती. त्याच्या गुणांतून विजय निघावा एवढीच त्यांची अट होती.

त्याच हंगामात तिसरा एक जण होता, आणि त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणायला जास्त जागा आहे. सिनसिनाटी रॉयल्सच्या ऑस्कर रॉबर्टसनने सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट (सोबत्याच्या गुणांना थेट कारण ठरणारे पास) केले. तिन्ही खात्यांत दोन आकडी सरासरी राखून हंगाम संपवणारा तो पहिला खेळाडू, आणि पुढची पंचावन्न वर्षे हे कोणालाही जमले नाही. रॉयल्सने ४३ जिंकले, ३७ गमावले. ऑस्करला पहिल्या पसंतीची १३ मते पडली, विल्टपेक्षा चार जास्तच. पण पुढच्या पसंतींची मते धरून एकूण मतगुणांत तो तिसरा आला. दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, जवळपास तसलेच आकडे घेऊन तो एमव्हीपी झाला. ऑस्कर तोच होता, पण जेरी लुकस सोबतीला आल्यावर रॉयल्सचे विजय ५५ झाले होते.

मतदानाचा विषय साखळी सामन्यांपुरताच असतो, त्यामुळे त्या वर्षी पुढे प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, जे घडले त्याचा पुरस्काराशी संबंध नाही. तरी ते सांगायला हवे. वॉरियर्सनी सेल्टिक्सला सातव्या सामन्यापर्यंत खेचले आणि अखेरच्या क्षणी सॅम जोन्सच्या शॉटवर ते १०९-१०७ असे हरले. नंतर लॉस एंजलिस लेकर्सविरुद्धच्या अंतिम फेरीचा सातवा सामना जादा वेळेत गेला, आणि त्यात रसेलने ३० गुण आणि ४० रिबाउंड केले. मत देऊन मोकळे झालेल्या खेळाडूंना आपण चुकलो असे वाटायचे काही कारण उरले नाही.

विल्टने या सगळ्यातून काय घ्यायचे ते घेतले, पण सावकाश. १९६२-६३ मध्ये संघ सॅन फ्रान्सिस्कोला हलला. विल्टची सरासरी ४४.८, आणि संघ ३१ विजय, ४९ पराभव. पुरस्कार पुन्हा रसेलकडे. १९६५ मध्ये विल्ट फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सकडे आला. १९६६-६७ मध्ये प्रशिक्षक अ‍ॅलेक्स हॅनम यांच्या हाताखाली त्याने आपला खेळच बदलला: शॉट कमी, पास जास्त. सलग सात वर्षे लीगमध्ये सर्वाधिक गुण करणाऱ्या माणसाची सरासरी २४.१ वर आली, पण असिस्ट ७.८ वर गेले. संघाने ६८ जिंकले, १३ गमावले. विल्ट एमव्हीपी झाला, आणि विजेतेपदही मिळाले. पन्नासाच्या सरासरीने जे दिले नाही ते चोविसाच्या सरासरीने दिले.

साठच्या दशकाअखेर ही सवय इतकी मुरली होती की १९६९ मध्ये बाल्टिमोर बुलेट्सचा वेस अनसेल्ड १३.८ गुणांच्या सरासरीवर, आणि तेही पहिल्याच हंगामात, एमव्हीपी झाला. त्याच्या येण्याने बुलेट्स ३६ विजयांवरून ५७ वर गेले होते. रिबाउंड घेऊन तो छातीपासून थेट अर्ध्या मैदानापलीकडे पास फेकायचा. रसेलप्रमाणेच त्यालाही डोळस मतदार लाभले.

पण सवय मुरली की ती विचाराची जागा घेते. १९७२-७३ मध्ये कॅन्सस सिटी-ओमाहा किंग्जच्या नेट ‘टायनी’ आर्चिबाल्डने सरासरी ३४ गुण आणि ११.४ असिस्ट केले. गुण आणि असिस्ट दोन्हींत एकाच हंगामात लीगमध्ये अव्वल येणारा तो पहिला. सहा फूट एक इंचाचा हा मुलगा अंगापिंडाने दुप्पट असलेल्यांच्या गर्दीतून वाट काढत बास्केटपर्यंत जाई. पण किंग्ज ३६ विजय, ४६ पराभवांवर थांबले. पुरस्कार गेला ६८ सामने जिंकलेल्या सेल्टिक्सच्या डेव्ह काउअन्सकडे. पत्रकारांनी त्या वर्षीही त्याला दुसऱ्याच संघात ठेवले होते. रसेलच्या वेळी खेळाडूंचे मत वहीपलीकडचे काही सांगत होते. काउअन्स चांगला खेळाडू होता, पण त्याच्या बाबतीत मत गुणतक्त्यापलीकडे फारसे काही सांगत नाही. किंग्जचे जे ३६ विजय होते ते आर्चिबाल्डने जवळजवळ एकट्याने ओढून आणले होते, आणि ‘मौल्यवान’ याचा काही अर्थ असेल तर तो तिथे होता.

नियम मोडणारा निकाल एकच आला. १९७५ मध्ये करीम अब्दुल-जब्बार मिलवॉकी सोडून लेकर्सकडे आला. १९७५-७६ मध्ये लेकर्सनी ४० जिंकले, ४२ गमावले आणि त्यांना प्लेऑफही गाठता आले नाही. तरी खेळाडूंनी करीमलाच निवडले. २७.७ गुण, १६.९ रिबाउंड, चार ब्लॉक. रसेलच्या काळी न मोजले जाणारे ब्लॉक आता मोजले जात होते, त्याचाही करीमला फायदा झाला असणार. पेटिटनंतर पराभव जास्त असलेल्या संघातून एमव्हीपी झालेला करीम हा दुसरा खेळाडू, आणि आजपर्यंतचा शेवटचा.

१९८०-८१ पासून मतदानाचा हक्क खेळाडूंकडून पत्रकार आणि समालोचकांकडे गेला. १९६२ मध्ये विल्टच्या आकड्यांना कौल देणारा वर्ग तो हाच. त्यामुळे आता आकडे जिंकतील आणि गुणतक्ता मागे पडेल, असे वाटणे साहजिक होते. घडले उलटेच. १९८२ मध्ये ४६ विजय मिळवणाऱ्या ह्यूस्टनच्या मोझेस मलोनला पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर २०१६ पर्यंत, पूर्ण ८२ सामन्यांच्या एकाही हंगामात ५० पेक्षा कमी विजय असलेल्या संघाकडे तो गेला नाही. कुठेही न लिहिलेला हा नियम तब्बल तीन दशकांहून अधिक टिकला.

त्या नियमाचा पहिला मोठा फटका मायकल जॉर्डनला बसला. १९८६-८७ मध्ये त्याने सरासरी ३७.१ गुण केले, एकूण तीन हजारांच्या वर. शिकागो बुल्स मात्र ४० विजय, ४२ पराभव. ६५ विजय मिळवणाऱ्या लेकर्सच्या मॅजिक जॉन्सनने पुरस्कार नेला, जॉर्डन दुसरा. पुढच्या वर्षी जॉर्डनची सरासरी दोन गुणांनी घसरून ३५ वर आली, पण बुल्सचे विजय नेमके ५० झाले, आणि जॉर्डन एमव्हीपी झाला. त्या वर्षी तो बचावातही लीगमध्ये सर्वोत्तम ठरला होता, हे खरे. तरी पन्नासाचा उंबरा ओलांडला नसता तर मतदारांनी त्याला आत घेतले असते का, याची शंकाच आहे.

१९९० ची मोजणी तर चक्रावून टाकणारी होती. पहिल्या पसंतीची सर्वाधिक ३८ मते फिलाडेल्फियाच्या चार्ल्स बार्कलीला पडली, मॅजिकला २७, जॉर्डनला २१. पुरस्कार मॅजिकला मिळाला. मतपत्रिकेवर पाच नावे क्रमाने लिहायची असतात आणि प्रत्येक क्रमाला वेगळे गुण असतात. सध्या ते १०, ७, ५, ३ आणि १ असे आहेत. ६३ सामने जिंकलेल्या संघाच्या नायकाला वगळायची हिंमत फारशी कोणाला झाली नाही. ज्यांनी त्याला पहिले लिहिले नाही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी दुसरे तरी लिहिले, आणि त्या दुसऱ्या जागांनी त्याला वर काढले.

पत्रकारांच्या हाती मत आल्याने एक गोष्ट मात्र खरोखर बदलली. खेळाडू संघाची ताकद पाहत. पत्रकार संघाची कहाणी पाहू लागले. नुसते खूप जिंकणे पुरेसे राहिले नाही, अपेक्षेपेक्षा जास्त जिंकणे महत्त्वाचे ठरू लागले. १९९७ मध्ये बुल्सनी ६९ सामने जिंकले, तरी युटा जॅझच्या कार्ल मलोनने जॉर्डनला थोडक्यात मागे टाकले. बुल्स जिंकणार हे सगळ्यांना ठाऊकच होते. जॅझ ५५ वरून ६४ वर गेले, ही नवी बातमी होती. हंगामाच्या आरंभी पत्रकारांनी मनाशी बांधलेला अंदाज हा मतदानातला एक न दिसणारा घटक होऊन बसला, आणि खेळाडूच्या कर्तृत्वाशी त्याचा संबंध फार थोडा.

२००४-०५ मध्ये हे टोकाला गेले. स्टीव्ह नॅश डॅलस सोडून फीनिक्स सन्सकडे आला. त्याची सरासरी १५.५ गुण आणि ११.५ असिस्ट. सन्स मात्र २९ विजयांवरून एकदम ६२ वर. त्याच वर्षी शकील ओ’नील लेकर्स सोडून मायामीला गेला आणि मायामी ४२ वरून ५९ वर. दोघांचीही बाजू एकाच धर्तीची: मी आलो आणि संघ बदलला. नॅशला १,०६६ मतगुण मिळून तो थोडक्यात जिंकला. पण ज्या डॅलसने नॅशला जाऊ दिले, त्यांचे विजयही त्याच वर्षी ५२ वरून ५८ वर गेले! नॅशच्या बाजूने मोजताना हा आकडा फार कोणी विचारात घेतला नाही. सन्सकडे तेव्हा अमारे स्टोडमायर आणि शॉन मेरियन होते, प्रशिक्षक माइक डँटोनी यांची धावती शैली होती. हे सगळे नॅशच्या खात्यावर जमा झाले. याचा अर्थ नॅश लायक नव्हता असा नाही. पुढच्या वर्षी स्टोडमायर दुखापतीने जवळजवळ पूर्ण हंगाम बाहेर असतानाही त्याने सन्सना ५४ विजयांपर्यंत नेले, आणि तो त्याचा खरा दावा होता.

पण त्या पुढच्याच वर्षी कोबी ब्रायंट होता.

२२ जानेवारी २००६ ला लॉस एंजलिसमध्ये लेकर्स टोरंटो रॅप्टर्सविरुद्ध पिछाडीवर होते. पहिल्या अर्ध्यात कोबीचे २६ गुण झाले होते. दुसऱ्या अर्ध्यात त्याने ५५ केले. एकूण ८१, विल्टच्या शंभरानंतर तोवरचा सर्वात मोठा आकडा. लेकर्स १२२-१०४ असे जिंकले. महिनाभर आधी डॅलसविरुद्ध तीन चतुर्थांश सामना संपला तेव्हा कोबीचे ६२ गुण होते आणि डॅलसच्या अख्ख्या संघाचे ६१. हंगामाची सरासरी ३५.४. सोबतीला लमार ओडम सोडला तर भरवशाचा कोणी नव्हता. क्वामे ब्राउन आणि स्मश पार्कर यांना घेऊन तो खेळत होता. लेकर्स ४५ विजयांसह पश्चिम विभागात सातवे. मतदानात कोबी चौथा आला. त्याच्या पुढे नॅश, लेब्रॉन जेम्स आणि डर्क नोव्हित्स्की, आणि तिघांच्याही संघांचे विजय ५० किंवा त्याहून अधिक.

१ फेब्रुवारी २००८ ला लेकर्सनी मेम्फिसकडून पाव गसोल या स्पॅनिश खेळाडूला घेतले. हंगामाअखेर लेकर्स ५७ विजयांसह पश्चिमेत पहिले. कोबीची सरासरी २८.३, म्हणजे दोन वर्षांपूर्वीपेक्षा सात गुणांनी कमी. तो एमव्हीपी झाला, कारकिर्दीत एकदाच. २००६ चा कोबी २००८ च्या कोबीपेक्षा कमी मौल्यवान होता असे आज कोणी म्हणेल का? बदल झाला तो त्याच्या आजूबाजूच्या माणसांत.

सोबती चांगले असावेत, पण फार चांगले असू नयेत, हीदेखील या हिशेबाची एक बाजू आहे. २०१० मध्ये लेब्रॉन, सलग दोन एमव्हीपी खिशात असताना, मायामीत ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश यांच्या सोबतीला गेला. संघ ५८ जिंकला, पण पुरस्कार शिकागोच्या बावीस वर्षांच्या डेरिक रोझला मिळाला. बुल्स ४१ वरून ६२ वर गेले होते. लेब्रॉन तिसरा. २०१६-१७ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सनी ६७ सामने जिंकले, पण आदल्या वर्षी एकमताने एमव्हीपी झालेला स्टीफन करी आणि नव्याने आलेला केव्हिन ड्युरँट यांपैकी एकही पहिल्या तिघांत नव्हता. दोन सूर्य असले की श्रेय कोणाला द्यायचे हे मतदारांना कळेनासे होते.

त्याच वर्षी पन्नास विजयांचा अलिखित नियम मोडला. ड्युरँट सोडून गेल्यावर ओक्लाहोमा सिटी थंडरमध्ये एकट्या उरलेल्या रसेल वेस्टब्रुकने सरासरी ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड आणि १०.४ असिस्ट केले. ऑस्करनंतर हे करणारा तो पहिलाच, आणि एका हंगामात ४१ ट्रिपल-डबलचा (एकाच सामन्यात तिन्ही खात्यांत दोन आकडी कामगिरीचा) ऑस्करचा विक्रमही त्याने मागे टाकला होता. थंडरचे विजय ४७. ह्यूस्टनच्या जेम्स हार्डनचे विजय ५५, सॅन अँटोनियोच्या कवाय लेनर्डचे ६१. १०१ पैकी ६९ मतदारांनी वेस्टब्रुकला पहिले लिहिले. जिंकण्याला महत्त्व असायला हवे, असे हार्डनने मतदानाच्या सुमारास उघड बोलून दाखवले होते. साठ वर्षांची परंपरा त्याच्या बाजूने होती. पण ऑस्करला १९६२ मध्ये जे मिळाले नाही ते वेस्टब्रुकला मिळाले.

२०२२ मध्ये डेन्व्हरच्या निकोला योकिचने ४८ विजयांवर पुरस्कार घेतला तेव्हा वाट आणखी रुंद झाली. त्याचा सोबती जमाल मरे दुखापतीने संपूर्ण हंगाम बाहेर होता. योकिचने एकाच हंगामात २,००० गुण, १,००० रिबाउंड आणि ५०० असिस्ट पूर्ण केले, जे आधी कोणी केले नव्हते. आता मतदारांच्या हाती खेळाडू मैदानावर असताना आणि बाकावर असताना संघाची गुणसंख्या कशी बदलते याचे आकडे असतात. योकिच बाकावर बसला की डेन्व्हर कसे ढेपाळते हे कोणालाही दाखवून देता येत होते. आर्चिबाल्डच्या बाजूने १९७३ मध्ये असा आकडा कोणी मांडला असता तर त्या निकालाचे काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मात्र गुणतक्ता हरला असे समजणे घाईचे ठरले. २०२४-२५ मध्ये योकिचची सरासरी होती २९.६ गुण, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट. ऑस्कर आणि वेस्टब्रुकनंतर हंगामभर ट्रिपल-डबलची सरासरी राखणारा तो तिसरा. समोर थंडरचा शे गिल्जस-अलेक्झांडर: लीगमध्ये सर्वाधिक ३२.७ गुण, आणि संघाचे ६८ विजय, १४ पराभव. डेन्व्हर बरोबर ५० वर. शंभर मतदारांपैकी ७१ जणांनी शेला पहिले लिहिले, २९ जणांनी योकिचला.

या मतांना आता रोकड किंमतही आहे. २०११ च्या करारात लीगने अशी तरतूद केली की पहिला करार संपवणारा तरुण खेळाडू एमव्हीपी ठरला किंवा त्याने तत्सम मान मिळवला तर त्याला संघाच्या वेतनमर्यादेच्या २५ टक्क्यांऐवजी ३० टक्के मिळू शकतात. रोझ त्यात बसणारा पहिला, म्हणून त्याला रोझ नियमच म्हणतात. २०१७ पासून जुन्या खेळाडूंसाठी ही मर्यादा ३५ टक्क्यांपर्यंत गेली; तिथेही गेल्या तीन वर्षांत एमव्हीपी असणे किंवा हंगामाच्या सर्वोत्तम संघांत निवड होणे ही पात्रता. वेस्टब्रुकने २०१७ च्या सप्टेंबरात याच तरतुदीखाली पाच वर्षांसाठी २० कोटी ५० लाख डॉलरचा करार केला, आणि शेने जुलै २०२५ मध्ये चार वर्षांसाठी २८ कोटी ५० लाखांचा. म्हणजे आपल्या सोबत कोण खेळते आणि संघ किती जिंकतो यावर खेळाडूची मते अवलंबून असतात, आणि त्या मतांवर काही प्रमाणात त्याचे उत्पन्न. खेळाडूंना कोण कुठे खेळणार हे ठरवण्यात, नवे सोबती मागण्यात आणि प्रसंगी संघ बदलण्यात आज जेवढा रस आहे, त्यामागे विजेतेपदाच्या ओढीबरोबर हा हिशेबही आहे.